वाचक विचारतात: होम थिएटरच्या वायरी, स्पाइक गार्ड आणि घराचं अर्थिंग

नमस्कार मंडळी. या महिन्यात इंदूरहून इतके प्रश्न आले आणि तेही एकाच विषयावरचे, की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत. पावसाळा तोंडावर आहे, माळव्यात पहिला पाऊस गडगडाटासकटच येतो, त्यामुळे विषय वेळेवरचाच आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, पण हे अर्धवट सांगण्यासारखं नाही.

प्रश्न (सुदामा नगर): नवीन ५५ इंची टीव्ही आणि ५.१ चा रिसीव्हर सेट घेतलाय, हॉल १८ बाय १२ चा आहे. महाराणी रोडवरच्या एका दुकानात एचडीएमआय केबल साडेतीन हजारांची दाखवली, म्हणे याने रंग खुलतात. स्पीकरची वायर सेटसोबत आलेली पुरेल म्हणाला आणि वर एक स्पाइक गार्ड फ्री देतोय. वायरी आणि प्रोटेक्शन मिळून सात-आठ हजार खर्चायची तयारी आहे, नेमकं काय घ्यावं?

उत्तर: यादी उलटी लागलीये हो तुमची. जिथे पैसे घालायला नकोत तिथे घातले जातायत आणि जिथे घालायला हवेत ते फुकटात उरकलं जातंय.

आधी एचडीएमआय. यातून जातो तो डिजिटल सिग्नल, तो एकतर नीट पोचतो नाहीतर पोचत नाही. केबल कमी पडली तर स्क्रीनवर पांढरे ठिपके चमकतात, चित्र मधेच काळं होऊन परत येतं, आवाज तुटतो. पण रंग फिके पडणं किंवा खुलणं हे केबलमुळे होत नाही, ते टीव्हीच्या पिक्चर सेटिंगचं काम. म्हणून सोन्याचा मुलामा आणि जाडजूड विणलेलं कव्हर बघून पैसे देऊ नका, वर्ग बघा. प्रीमियम हाय स्पीड म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, यात ४के ६० फ्रेमचं एचडीआर (उजेड-अंधार जास्त तपशिलाने दाखवणारं) चित्र व्यवस्थित बसतं. अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८ गिगाबिट, ती ४के १२० फ्रेमवर खेळणाऱ्या गेमिंग कन्सोलवाल्यांना लागते. या दोन्हींच्या खोक्यावर सर्टिफिकेशनचं लेबल असतं, त्यावरचा कोड मोबाइलने स्कॅन करून दुकानातच उभं राहून तपासा. डीटीएचचा एचडी बॉक्स १०८०आय देतो, त्याला बॉक्ससोबत आलेली केबलच भरपूर झाली. तुम्हाला रिसीव्हर ते टीव्ही अशी दोन मीटरची एक प्रीमियम हाय स्पीड घ्यायचीये, बस, आणि ती साडेतीन हजारांच्या कितीतरी खाली मिळते. लावताना टीव्हीच्या ज्या पोर्टवर आर्क किंवा ई-आर्क लिहिलंय तिथेच लावा, म्हणजे टीव्हीतल्या ॲपचा आवाज त्याच केबलने उलटा रिसीव्हरला येईल, वेगळी ऑप्टिकल केबल नको.

आता स्पीकरची वायर, आणि इथे मात्र हात आखडू नका. रिसीव्हरपासून मागच्या स्पीकरपर्यंत भिंतीच्या कडेकडेने गेलं की १० मीटर सहज होतात, करंटला जायचं आणि यायचं असतं म्हणजे तांब्यातून २० मीटरचा प्रवास. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत या प्रवासाला साधारण ०.२७ ओहम रेझिस्टन्स पडतो. सेटसोबत येणारी ती केसासारखी वायर ०.३ स्क्वेअरची असेल तर तोच आकडा सव्वा ओहमच्या वर जातो, आणि स्पीकर ६ ओहमचा असेल तर रिसीव्हरमधल्या ॲम्पने दिलेल्या पॉवरचा पाचवा-सहावा हिस्सा वायर गरम करण्यातच संपला. शिवाय बेस सैल येतो, कारण स्पीकरचा हलणारा पडदा थांबवायची जी पकड ॲम्पकडे असते ती वायरीतच जाते. वर्षानुवर्षं चालत आलेला हिशेब असा, की वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. ८ ओहमला ०.४, ६ ला ०.३, ४ ला ०.२. म्हणजे १० मीटरपर्यंत ६ आणि ८ ओहमला दीड स्क्वेअर पुरते, ४ ओहमचे स्पीकर असतील किंवा अंतर जास्त असेल तर अडीच स्क्वेअर घ्या. जुन्या दुकानांत अजून ४०/७६, ७०/७६ अशा भाषेत बोलतात, ते बारीक तारेच्या धाग्यांचे आकडे आहेत. ४०/७६ सव्वा स्क्वेअरच्या जरा आत बसते आणि ७०/७६ दोन स्क्वेअरची.

आणि तांबंच आहे ना हे बघाच. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर फार आलीये, वरून दिसायला लालचुटुक, पण ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास. एक धागा घ्या आणि ब्लेडने खरवडा, आतून पांढरा निघाला तर परत करा. उलटंही होतं, वरून पांढरा आणि आतून लाल निघाला तर ते कल्हई केलेलं तांबं असतं, ते चांगलं. वजनानेही कळतं, ॲल्युमिनियमचं बंडल हातात घेतलं की लगेच हलकं लागतं. वेगळी "ऑडिओ" लिहिलेली वायर हवीच असं नाही, चांगल्या कंपनीची तांब्याची टू-कोअर फ्लेक्सिबल वायर तेच काम करते. फक्त जोडताना प्लस-मायनस सगळ्या स्पीकरला सारखं ठेवा आणि टोकाचे धागे नीट पिळून घ्या, एक सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला लागला की ॲम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, आणि माणूस स्पीकर खराब समजून डोकं धरून बसतो.

आता तो फ्री स्पाइक गार्ड. खोक्यावर ज्यूलचा, म्हणजे किती ऊर्जा पचवतो तो आकडा, किती हजार अँपिअरचा सर्ज (विजेची क्षणिक उसळी) झेलतो तो आकडा आणि क्लॅम्पिंग व्होल्टेज, म्हणजे उसळी कितीवर रोखतो ते, लिहिलंय का बघा. यातलं काहीच नसेल तर ते लाल स्विच लावलेलं एक्स्टेन्शन बोर्ड आहे, त्यात प्रोटेक्शन नावाचं काही नाही. खऱ्या गार्डमध्ये एमओव्ही नावाचं बटणाएवढं चपटं पार्ट असतं, व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या वर उसळलं की ते काही नॅनोसेकंदांत वाहायला लागतं आणि उसळी स्वतःवर घेतं. तीन जोड्यांवर हवं, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. यातल्या दोन जोड्या तुमच्या घरात अर्थिंग असेल तरच काही कामाच्या.

म्हणून मी कुणालाही आधी अर्थिंगच विचारतो. सुदामा नगरातली जुनी घरं असोत की नवीन, तीन पिनांचं सॉकेट दिसतंय म्हणजे मागे अर्थ आहे असं समजू नका, बऱ्याच ठिकाणी ती वायर बोर्डापर्यंत येऊन तशीच लोंबकळत असते. मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखं आलं पाहिजे आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. पण मल्टीमीटर कमजोर अर्थलाही पास करतो, कारण तो करंटच ओढत नाही, तेव्हा लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून मोजून घ्या, ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. हे मोजमाप उन्हाळ्यात करा. आपली माळव्याची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते तेव्हा अर्थिंग छान असतं, मे महिन्यात तीच माती वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, म्हणजे पहिला गडगडाट होतो नेमका तेव्हाच अर्थ सगळ्यात कमजोर असतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घाला, काहीही खर्च नाही. आणि कुणी वायरमन "सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो" म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. त्या सॉकेटचा न्यूट्रल कधी सुटला तर तुमच्या ॲम्पच्या पत्र्याच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील.

अर्थिंग ठीक झालं की एमसीबी बॉक्समध्ये टाइप २ चं सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवून घ्या, वायरमन त्याला एसपीडी म्हणतात. त्यावर छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे शाबूत, लाल म्हणजे कार्ट्रिज बदला. आपल्याकडे रात्री व्होल्टेज चढतं म्हणून ३२० व्होल्टच्या रेटिंगचं घ्या, २७५ चं काठावर येतं. एक गोष्ट वायरमनच्या डोक्याशी उभं राहून करून घ्या, एसपीडीला जाणारी आणि तिथून अर्थला जाणारी वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायची, सरळ, वेटोळी न करता. विजेच्या सर्जचा करंट इतक्या झटक्यात चढतो की एक मीटर वायरीवरच हजार व्होल्टच्या आसपास पडू शकतात, आणि ते सगळे तुमच्या टीव्हीच्या वाट्याला येतात. उत्तम एसपीडी आणि दीड मीटरची गुंडाळलेली वायर, हे मला वारंवार बघायला मिळतं आणि मग लोक म्हणतात एसपीडी काही कामाचं नसतं. हे झालं की टीव्हीजवळ एक खरा स्पाइक गार्ड, आणि सगळी यंत्रं त्या एकाच गार्डवर.

प्रश्न (लोकमान्य नगर): मागच्या उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे पंखे एकदम जोरात पळायला लागले, ट्यूबलाइट झळाळली आणि बघता बघता टीव्ही, सेटटॉप बॉक्स, होम थिएटर सगळं गेलं. समोरच्या ओळीतल्या घरांत मात्र दिवे उलटे मंद झाले होते. चांगल्यातला स्पाइक गार्ड होता, तो वितळून काळा पडला. मग त्याचा उपयोग काय? आता किती ज्यूलचा घेऊ?

उत्तर: समोरच्या घरांत दिवे मंद झाले हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यावरूनच निदान होतं. हा सर्ज नव्हता, डीपीकडून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरकडून येणारा सामायिक न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला होता. अशा वेळी ज्यूल कितीही वाढवा, काही होणार नाही.

डीपीवरून तीन फेज निघतात, गल्लीतली घरं तिघांत वाटलेली असतात आणि सगळ्यांचा न्यूट्रल एक. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात, न्यूट्रल मध्ये धरून असतो म्हणून प्रत्येक घराला २३० मिळतात. तो सुटला की तुमचं घर आणि समोरच्यांचं घर त्या ४०० वर एकापाठोपाठ एक जोडली जातात आणि व्होल्टेजची वाटणी लोडप्रमाणे होते, ज्यांच्याकडे एसी-गीझर चालू आहे त्यांना कमी मिळतं आणि ज्यांच्याकडे नुसता टीव्ही-पंखा आहे त्यांच्यावर ३००, ३५०, कधी त्याहून जास्त येऊन आदळतं. तुमच्या एकट्याच्या सिंगल फेज कनेक्शनचा न्यूट्रल तुटला तर घर फक्त बंद पडतं, काही जळत नाही. थ्री फेज मीटर असेल तर मात्र तुमच्याच मीटर बोर्डातला सैल न्यूट्रल हेच सगळं घरातल्या घरात घडवून आणतो, तेव्हा तो स्क्रू वर्षातून एकदा वायरमनकडून कसून घेत चला.

टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये आलेला करंट आधी डीसी होतो आणि एका मोठ्या कपॅसिटरवर साठतो, २३० चे तिथे ३२५ व्होल्ट होतात. तो कपॅसिटर बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. बाहेर ३५० आले की त्याच्यावर ४९५ जातात, मग तो फुगतो किंवा फुटतो. आणि स्पाइक गार्डचं एमओव्ही बनलेलं असतं सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात संपणाऱ्या उसळीसाठी. त्याच्यावर अर्धा मिनिट ३५० व्होल्ट बसले की ते सतत वाहत राहतं, तापतं आणि जळतं. चांगल्या गार्डमध्ये थर्मल फ्यूज असतो, तो आधी उडतो म्हणून निदान आग लागत नाही. तुमचा काळा पडला म्हणताय, तर तो कुठल्याही परिस्थितीत परत वापरू नका.

तुम्हाला हवंय ते ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. हे एमसीबी बॉक्समध्येच बसतं, व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं, म्हणजे वर साधारण २६५-२७० आणि खाली १७०-१८०, की अख्खं घर कापतं आणि व्होल्टेज परत जागेवर आल्यावर थोडं थांबून जोडतं. आपल्याकडे पुरवठ्याची नेहमीची मर्यादा २३० च्या वर-खाली १० टक्के धरतात, म्हणजे २०७ ते २५३, तेव्हा २७० ला कापणं योग्यच आहे, उगाच सारखं ट्रिप होणार नाही. मेन स्विचच्या लोडप्रमाणे ४० किंवा ६३ अँपिअरचं घ्या. टीव्ही-थिएटरच नाही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एलईडी बल्ब, सगळंच वाचतं, त्यामुळे घरात एकच काही बसवायचं असेल तर मी हेच आधी बसवा म्हणेन, एसपीडी त्यानंतर. आणि पुन्हा कधी पंखे जोरात पळताना दिसले तर टीव्हीकडे धावू नका, सरळ मेन पाडा, मग १९१२ वर तक्रार नोंदवा आणि शेजाऱ्यांनाही मेन पाडायला सांगा.

प्रश्न (रामचंद्र नगर): मुलगा अमेरिकेत असतो, तिकडून चांगल्या कंपनीचा ३००० ज्यूलचा सर्ज प्रोटेक्टर घेऊन आला आहे, सोबत प्लगचा कन्व्हर्टरही आहे. आपल्या होम थिएटरला लावू ना?

उत्तर: काकू, अजिबात लावू नका, आणि लावला असेल तर हे वाचून आधी काढून ठेवा. तिकडे १२० व्होल्ट असतात, म्हणून त्यातलं एमओव्ही साधारण १५० व्होल्टपर्यंत गप्प बसणारं असतं. आपल्या २३० व्होल्टची लाट ३२५ पर्यंत चढते, म्हणजे ते बिचारं सेकंदाला शंभर वेळा वाहायला लागेल आणि थोड्याच वेळात धूर काढेल. प्लगचा कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मुलाने तिकडचंच १२० व्होल्टचं एखादं यंत्र आणलं असेल आणि ते स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवत असाल, तर ट्रान्सफॉर्मरमधून १२० व्होल्ट बाहेर पडतात त्या बाजूला हा प्रोटेक्टर लावता येईल, तिथे तो योग्य जागी आहे. पुढच्या खेपेला तिकडून आणायचंच असेल तर चांगली एचडीएमआय केबल मागवा, तिला व्होल्टेजचं काही देणंघेणं नाही.

प्रश्न (टिळक नगर): सबवूफरमधून सतत हूं असा आवाज येतो, गाणं बंद असलं तरी. आरसीए केबल दोनदा बदलली. एकाने सांगितलं ॲम्पच्या प्लगची मोठी पिन तोडून टाका, आवाज जाईल. खरंय का?

उत्तर: आवाज कदाचित जाईल, पण सोबत तुमचं शॉकपासूनचं संरक्षणही जाईल. ती मोठी पिन अर्थची आहे, तोडू नका.

आधी आवाज ओळखा. गुळगुळीत, खालच्या सुरातला हूं असेल तर तो ५० हर्ट्झचा, अर्थच्या फेऱ्याचा. खरखरीत, माशी घोंगावल्यासारखा असेल तर जवळचा लाइट डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर तपासा. तुमचा पहिल्या प्रकारातला वाटतोय. आता छतावरच्या डिशची केबल सेटटॉप बॉक्समधून काढा, नुसता बॉक्स बंद करून चालणार नाही, केबलच स्क्रू फिरवून काढायची. हूं थांबला? बहुतेक थांबेल. डिशची पत्र्याची चौकट गच्चीवर कुठेतरी लोखंडाला टेकलेली असते, तिथून केबलच्या जाळीतून एक अर्थ घरात येतो आणि दुसरा तुमच्या सॉकेटमधून, दोघांत जो थोडासा व्होल्टेजचा फरक असतो तो आरसीए केबलच्या जाळीतून फिरतो आणि सबवूफर तो इमानदारीने वाजवतो. आरसीए कितीही भारी घेतली तरी हा फेरा तसाच राहतो, म्हणून तुमचे ते दोन्ही वेळचे पैसे वाया गेले.

यावरचा इलाज असा. डिशची केबल घरात शिरते तिथेच एक ग्राउंडिंग ब्लॉक (केबलची जाळी अर्थला जोडायचा छोटा जोड) लावा आणि तो घराच्याच मुख्य अर्थला जोडा. वेगळी सळई ठोकून वेगळा अर्थ देऊ नका. घरात दोन सुटे अर्थ असतील तर जवळपास वीज पडल्यावर त्या दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो फरक भेटायला जागा शोधतो ती तुमच्या एचडीएमआय पोर्टची. पावसाळ्यात दुरुस्तीला येणाऱ्या टीव्ही-रिसीव्हरमध्ये बाकी सगळं ठीक आणि फक्त एचडीएमआय पोर्ट मेलेला, असं जे असतं ते पुष्कळदा याच वाटेने. प्लगमध्ये गार्ड असतो, पण सर्ज डिशच्या किंवा लॅनच्या वायरीने आत आलेला असतो. डिशच्या केबलसाठी सर्ज प्रोटेक्टर घेतलात तर तो डीटीएचचाच घ्या, म्हणजे एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असतो तो रिसीव्हर) लागणारे १३ आणि १८ व्होल्ट आणि २१५० मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल त्यातून जाईल. साध्या अँटेनाचा लावला तर चॅनलच दिसणार नाहीत.

हे सगळं होईपर्यंत तात्पुरतं करायचं असेल तर टीव्ही ते रिसीव्हर एचडीएमआय काढून ऑप्टिकल केबल लावून बघा, डिशचा बॉक्स थेट टीव्हीला. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, करंट जातच नाही, फेरा तुटतो. ५.१ डॉल्बी डिजिटल येतं, फक्त ॲटमॉस, म्हणजे वरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार, नाही.

प्रश्न (निपानिया): नवीन फ्लॅट आहे, प्लास्टर व्हायचंय. प्रोजेक्टर मागच्या भिंतीला, रिसीव्हर पुढे, मधे ११-१२ मीटर. भिंतीतून वायरी काढून घ्याव्यात का? वायरमन म्हणतो लाइटच्याच पाइपातून सगळं काढतो.

उत्तर: काढून घ्याच, पण लाइटच्या पाइपातून नाही. २३० व्होल्टची वायर आणि स्पीकर-एचडीएमआय एका पाइपात घालणं आधी धोक्याचं, आणि मग त्या हूं आवाजाला निमंत्रण. दोन पाइपांत निदान एक फूट अंतर ठेवा, एकमेकांना ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

पाइप ४० मिलिमीटरचा टाका. वायरमन २५ चा टाकायला निघेल, पण एचडीएमआयचं टोक मोल्डिंगसकट २० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतं आणि बेंडमध्ये अडकतं. बेंड मोठ्या गोलाईचे घ्या, एल्बो नकोत. आत एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा, कारण एचडीएमआयची आत्ताची केबल दहा वर्षांनी जुनी झालेली असेल, भिंत मात्र तीच असणार. सोबत एक कॅट-६ (नेटवर्कची वायर) पण ओढून ठेवा.

एवढ्या अंतराला साधी तांब्याची एचडीएमआय १८ गिगाबिट भरवशाने नेत नाही, पाच-सात मीटरच्या पुढे तिची खात्री संपते. ॲक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, उलटी ओढली गेली तर चित्रच येणार नाही आणि परत सगळी बाहेर काढावी लागेल. म्हणून भिंतीत घालायच्या आधी जमिनीवर पसरून, प्रोजेक्टर आणि प्लेयर लावून, ४के एचडीआरचा एखादा सिनेमा तासभर चालवून बघा. ओढताना दोरी केबलच्या अंगाला बांधा, टोकाला नाही. आणि ऑप्टिकल आहे म्हणून सर्जची चिंता मिटली असं समजू नका, यात ५ व्होल्ट आणि कंट्रोलसाठी तांब्याच्या बारीक वायरी असतातच, त्यामुळे प्रोजेक्टरच्या सॉकेटलाही गार्ड हवा आणि तो पुढच्या बोर्डाच्याच सर्किटवरून घ्या, दुसऱ्या फेजवरून नको. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर त्याला छोटा यूपीएस द्या, लाइट गेली की पंखा थांबतो आणि तापलेल्या दिव्याचं आयुष्य कमी होतं. एलईडी-लेझरवाल्याला तेवढी गरज नाही.

प्रश्न (जुनी इंदूर): गडगडाट सुरू झाला की सगळे प्लग काढावेत की गार्ड आहे म्हणून निवांत बसावं? आणि स्टॅबिलायझर लागतो का?

उत्तर: वीज घरावर किंवा अगदी शेजारी पडली तर कुठलाही गार्ड पुरा पडत नाही, त्यामुळे काढणं केव्हाही चांगलं. पण गडगडाट सुरू व्हायच्या आधी. डोक्यावर वीज कडाडत असताना टीव्हीच्या मागे हात घालून डिशची केबल सोडवायला जाऊ नका, यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने केलेलं दामिनी नावाचं ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा, ते २० आणि ४० किलोमीटरच्या आत विजा पडायला लागल्या की सांगतं, तेवढ्यात काम होतं. काढायचं म्हणजे नुसता पॉवरचा प्लग नाही, डिशची केबल आणि ब्रॉडबँडची लॅन वायरही. घरात फायबर येत असेल तर बाहेरच्या वायरीची काळजी कमी, पण बऱ्याच जुन्या वस्त्यांत केबलवाले गच्च्यांवरून तांब्याची लॅन वायर लांबवर ओढून आणतात, ती विजेची उसळी मस्त पकडते. स्विच बंद करून प्लग तसाच ठेवणं पुरत नाही, स्विचमधली फट सर्जला अडवण्याएवढी नसते.

स्टॅबिलायझरचं म्हणाल तर आजकालचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, लो व्होल्टेजने त्यांना काही होत नाही. आत वजनदार ट्रान्सफॉर्मर असलेला रिसीव्हर असेल आणि तुमच्याकडे संध्याकाळी खरंच १७०-१८० होत असेल तर त्याला द्या, नाहीतर ते पैसे वर सांगितलेल्या व्होल्टेज प्रोटेक्टरला द्या. इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवायचा असेल तर इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो. स्पाइक गार्डच्या दिव्याकडेही महिन्यातून एकदा बघत जा, एमओव्ही दर सर्जला थोडं थोडं झिजतं आणि संपलं तरी गार्डमधून लाइट येतच राहते. "प्रोटेक्टेड" लिहिलेला दिवा विझला असेल तर तो गार्ड त्याच दिवशी बदला.